शेवाळ खातं

'अल्गी स्क्रबर' हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं, की कुणाही सुज्ञ गृहस्थाची अशी समजूत होते की ही शेवाळ घासून काढायची घासणी असावी. तशी ती नाही. ती शेवाळ मुद्दाम वाढवायची सोय आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत शेवाळ धरलं की तातडीची सर्वसाधारण सभा बोलावतात. इथे शेवाळ धरलं नाही तर तज्ज्ञाला बोलावतात. खाऱ्या पाण्याचे मासे घरात पाळणाऱ्या मंडळींचं जगच असं उफराटं आहे, आणि त्या जगात गेली काही वर्षं या वस्तूचा जो उदोउदो चालला आहे त्याचा एकदा ताळेबंद मांडावा असं माझ्या मनात होतं. मी शास्त्रज्ञ नाही. बी.कॉम. आहे, दुसरा वर्ग. पण मासा असो वा खातेदार, जमा-खर्च चुकला की दोघेही बुडतात. मासा बुडतो हे जरा चमत्कारिक वाटेल, पण वाचत राहा.

समुद्र ही वस्तू आपण मुंबई-कोकणवाले पाहुण्यांना दाखवायला नेतो, घरी आणत नाही. आमच्या लहानपणी मासे पाहायचे म्हणजे मरीन ड्राइव्हला, १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते समुद्रासमोरच असल्यामुळे माशांनाही फार परदेशी गेल्यासारखं वाटत नसावं. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर समुद्र आणायचा तर लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ लागतं. दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो, आणि तेही आपलं लोणच्याचं नव्हे. त्यासाठी खास बनवलेलं, परडीतल्या सुक्या मेव्याच्या भावाचं.

आमच्या साडूंकडे अशी टाकी आहे. म्हणजे ती त्यांच्या चिरंजिवांची. चिरंजीव नोकरीसाठी कॅनडाला गेले, जाताना आईला सांगितलं 'औषधं वेळेवर घे', आणि वडिलांना सांगितलं 'मासे सांभाळा'. मासे दोनच, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, विदूषक मासे म्हणतात ते. साडूंनी आयुष्यात मासे पाळलेले नव्हते, नुसते तळलेले पाहिले होते. आणि हा मासा नीट ठेवला तर बारा-पंधरा वर्षं सहज जगतो, हे मुलाने विमान सुटल्यावर कळवलं.

आता हिशेब. माशाला खायला घालायचं. खाल्लेल्या प्रथिनांतला बराचसा नायट्रोजन मासा अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात सोडतो. अमोनिया हे विष, आणि समुद्राचं पाणी अल्कधर्मी असल्यामुळे तिथे ते गोड्या पाण्यापेक्षा अधिक जहाल. पण टाकीतल्या दगडांवर, वाळूवर काही जिवाणू वस्तीला असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. यालाच दुकानदार 'जैविक फिल्टर' म्हणतो. मी म्हणतो, ही खातेपालट आहे. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली, प्रत्येकाने सही केली, पण इमारतीबाहेर काही गेलं का? नाही. नायट्रेट कमी विषारी खरं, पण ते साठत राहतं.

किती साठतं? समजा रोज एक ग्रॅम कोरडं खाद्य घातलं. त्यात निम्मी प्रथिनं. प्रथिनांत नायट्रोजन शेकडा सोळा. म्हणजे रोज ऐंशी मिलिग्रॅम. त्याचं सगळं नायट्रेट झालं आणि ते दोनशे लिटरमध्ये पसरलं, तर महिन्याला लिटरमागे पन्नासच्या वर मिलिग्रॅम होतं. मासा थोडा नायट्रोजन स्वतःच्या वाढीसाठी ठेवून घेतो, तो वजा जाता चाळीस धरा. 'मग दर महिन्याला वीस टक्के पाणी बदला,' असं प्रत्येक दुकानदार सांगतो. ठीक. पण वीस टक्के पाणी बदललं तर नायट्रेटही वीस टक्केच जातं! बाकी वाट नसेल, तर दर महिन्याला चाळीसची भर आणि शिलकीच्या पाचव्या हिश्शाची वजावट, असा हा व्यवहार वाढत वाढत दोनशेवर जाऊन स्थिरावतो. दोनशेला पाचवा हिस्सा चाळीस. तेव्हा कुठे आवक-जावक जुळते. हे मी साडूंना कागदावर करून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, ''साडूभाऊ, हे तर आमच्या पतपेढीच्या थकबाकीसारखंच झालं.'' झालंच मुळी. त्यात त्या वीस टक्क्यांसाठी दरमहा चाळीस लिटर पाणी आणि जवळजवळ दीड किलो मीठ. व्याज भरत राहायचं आणि मुद्दल तसंच.

या ठिकाणी शेवाळ प्रवेश करतं. शेवाळाला नायट्रोजन हवा, फॉस्फेट हवं, उजेड हवा. हे सगळं देऊन त्याला टाकीबाहेर एका जाळीवर वाढवायचं आणि आठ-दहा दिवसांनी ते खरवडून फेकून द्यायचं. इथे प्रथमच काहीतरी इमारतीबाहेर जातं. रोख रक्कम, पावतीसकट.

ही कल्पना वॉल्टर एडी या अमेरिकन शास्त्रज्ञाची. हा गृहस्थ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतला. कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळखडकांवर शेवाळाची जी आखूड, गालिच्यासारखी लव असते, तिच्या वाढीचा वेग पाहून त्याच्या डोक्यात हे आलं. लाटेचा हबका बसतो म्हणून ते शेवाळ इतकं फोफावतं, हे त्याने हेरलं, आणि उथळ तबकात जाळी घालून तिच्यावर ठरावीक वेळाने उलटणारी बादली बसवली. पेटंट १९८२ साली मिळालं. त्याची मुदत केव्हाच संपली, म्हणून तर आज घरोघरी सुतारकाम चालू आहे. पुढे १९९१ साली त्याने कॅरन लव्हलँडबरोबर 'डायनॅमिक अक्वेरिया' नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं.

पुस्तक चांगलं आहे, हे आधी नोंदवतो, कारण पुढे मी तक्रार करणार आहे. त्यातला मुख्य विचार मला अगदी पटतो. टाकी म्हणजे माशांची खोली नव्हे, ते एक नांदतं गाव आहे. पाणी गाळून गाळून निर्जीव केलंत तर त्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे कित्येकांचं अन्न, तेही मरतं. शेवाळ तसं करत नाही. हे सगळं उत्तम. पण लेखकाच्या मागे एक आख्खं संग्रहालय उभं आहे, याचा त्याला पानोपानी विसर पडतो. त्याच्या टाकीला पगारी माणसं होती. आमच्या साडूंच्या टाकीला साडू आहेत, आणि त्यांना गुडघेदुखी आहे. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला १९८७ साली पंचवीस लाख लिटरचा प्रवाळ-हौद उघडला, तो याच शेवाळपद्धतीवर. पुढे तिथेही ती बाजूला ठेवून दुसरी पद्धत घ्यावी लागली. अमेरिकेतल्या 'बायोस्फियर टू' या काचेच्या प्रचंड बंदिस्त जगात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं राहिली. तिथल्या समुद्रालाही हेच स्क्रबर होते, आणि ते खरवडायचं काम त्या आठांच्याच गळ्यात. जग बदलायला गेलेल्या माणसांनाही शेवटी भांडी घासायची पाळी चुकत नाही.

आक्षेपांतला सगळ्यांत गाजलेला म्हणजे पिवळं पाणी. शेवाळ तुटलं, कुजलं की त्यातला रंग पाण्यात उतरतो आणि टाकी अमृततुल्यसारखी दिसू लागते. हा आक्षेप खरा आहे, पण यंत्रापेक्षा माणसावर जास्त आहे. जाळी जागच्या जागी खरवडली तर हे होणारच. बाहेर काढून मोरीत घासावी, आणि एका पिशवीत कोळशाचे दाणे घालून पाण्याच्या वाटेत ठेवावेत. कोळसा तो रंग ओढून घेतो.

दुसरा पक्ष 'स्किमर'वाल्यांचा. स्किमर म्हणजे एका नळकांड्यात बारीक बुडबुड्यांचा फेस करायचा; त्या फेसाला सेंद्रिय घाण चिकटते आणि वरच्या भांड्यात काळपट, अतिशय दुर्गंधी काढा जमा होतो. हे दोन पक्ष एकमेकांशी इतक्या त्वेषाने भांडतात की त्यांना नाट्यसंमेलनाच्या कार्यकारिणीवर घ्यायला हरकत नाही. खरं म्हणजे भांडण नाहीच. स्किमर घाण कुजण्यापूर्वी उचलतो, म्हणजे ती मुळातून करकपात. शेवाळ कुजून झाल्यावर उरलेलं घेतं, म्हणजे मागाहून वसुली. दोन्ही खात्यांना एकाच सरकारात जागा आहे. मात्र नायट्रेट, फॉस्फेट एकदा विरघळून बसलं की स्किमरला ते धरता येत नाही. त्या बाबतीत माझं मत शेवाळाला.

मला चीड येते ती प्रचारकांची. 'पाणी कधीच बदलू नका' हे त्यांचं घोषवाक्य. अहो, शेवाळ काही फक्त नायट्रोजनच खात नाही, लोहासारखे बारीकसारीक घटकही खातं; ते कुठून येणार? तरंगणारा गाळ शेवाळ उचलत नाही, तो कुणी काढायचा? शिवाय पहिले तीन-चार आठवडे जाळीवर नुसता तपकिरी बुळबुळाट असतो, त्या मुदतीत मासे कशावर काढणार? टाकी बघून जाळीचा आकार ठरवा, असं पूर्वी सांगत. आता अनुभवी लोक सांगतात की रोज किती खायला घालता ते बघून ठरवा. हे मला एकदम मान्य. कर्ज उत्पन्न बघून द्यायचं असतं, घराचा हॉल किती मोठा ते बघून नाही. साडूंना एका दुकानदाराने टाकीच्या लिटरवर मोजून भलं मोठं यंत्र विकलं होतं. ते सज्जात आहे. त्यात सध्या कोथिंबीर आहे.

मग साडूंनी स्वतः बनवलं. लोकरीचं भरतकाम करायची प्लॅस्टिकची जाळी मिळते, ती करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी खरवडून निवडुंगासारखी काटेरी केली, म्हणजे शेवाळाला पाय रोवायला जागा. चिरा पाडलेल्या आडव्या पाइपात ती अडकवून उभी सोडली. वरून पाणी पडद्यासारखं उतरतं. रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी पन्नासेक लिटर, असा अंदाज. दोन्ही बाजूंना तांबडे एलईडी दिवे. हे दिवे रात्री लावायचे, कारण रात्री टाकीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि उजेडात असलेलं शेवाळ तो शोषून घेतं. पाण्याचा सामू फार खाली जात नाही. परिणाम असा, की रात्री त्यांच्या घरावरून जाणाऱ्याला आत गणपती आहेत की फोटो धुतायत ते कळत नाही. आमची मेव्हणी पहिले आठ दिवस रोज रात्री दोन वाजता नळ बंद करायला उठत होती.

आता कसोटी. कुठल्याही यंत्राच्या स्तुतीवर मी विश्वास ठेवत नाही, व्हाउचर मागतो. इथे व्हाउचर मिळतं, हा या वस्तूचा खरा गुण. सांगितलेल्या हिशेबाने रोज साठ मिलिग्रॅम नायट्रोजन बाहेर जायला हवा, म्हणजे आठवड्याला सव्वाचारशे. कोरड्या शेवाळात तो ढोबळमानाने शेकडा चार. म्हणजे आठवड्याला दहा ग्रॅम सुकं शेवाळ, ओलं साधारण शंभर. लहानशी मेथीची जुडी. तेवढी निघत असेल तर यंत्र काम करतंय. वीस ग्रॅम निघत असेल आणि मालक भाषण देत असेल, तर भाषण बंद करून दिवे वाढवावेत. स्किमरच्या काढ्याचं असं वजन करून काही कळत नाही, आणि करण्याची कुणाची छातीही होत नाही.

आणखी एक पथ्य यात आपोआप येतं. खडकावरचा खरा प्रवाळ २००१ सालापासून आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आला. मालवणच्या समुद्रातून उचलून आणायची सोय नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा घरच्या समुद्रात जिवंत म्हणून मिरवायला मासे, आणि त्यांच्यामागे हे शेवाळ. विदूषक मासे आता आपल्या देशातही पैदास केंद्रात वाढवतात, तेच घ्यावेत.

साडू दर रविवारी सकाळी जाळी काढतात, मोरीत बसतात, जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने दोन्ही बाजू खरवडतात, पिळतात आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतात. आकडा वहीत. मग कॅनडाला फोन. पूर्वी या फोनवर बापलेकांचं बोलणं 'कसा आहेस', 'बरा', 'थंडी?', 'आहे', 'आईला देतो' इतकंच व्हायचं. आता 'एकशे दहा', 'हिरवं की तपकिरी?', 'हिरवं, पण डावीकडे पिवळट', 'दिवा पुसलात का?' असं वीस-पंचवीस मिनिटं चालतं. मध्ये पंप बंद पडून जाळी सुकली, तेव्हा मुलगा तिकडे रात्रभर जागा होता. मुलाला घराची इतकी काळजी आहे हे साडूंना त्या रात्री समजलं. मासे जगले. नर जरा खंगला होता, तो सावरला.

राहिला प्रश्न त्या शंभर ग्रॅमचं काय करायचं हा. साडूंनी गोड्या पाण्यात धुऊन कुंडीत घालायचं सुचवलं. मेव्हणी म्हणाली, ''तुळशीत घातलंत तर मी माहेरी जाईन.'' आमचं सासर आमच्याच चाळीतल्या मागच्या बाजूला असल्यामुळे मी त्या सूचनेला तीव्र विरोध केला. सध्या ते शेवाळ गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळतं, चुरून डबीत भरलं जातं, आणि त्यातली चिमूट अधूनमधून त्याच माशांना खायला मिळते. म्हणजे काढलेली रक्कम पुन्हा त्याच खात्यात जमा. ती वहीत कुठल्या रकान्यात लिहावी, यावर साडूंचा आणि माझा अजून एकमताने निर्णय झालेला नाही.