‘स्मृतिचित्रां’तील बंधुभाव

ख्रिस्ती ऐक्याचा विषय निघाला की परिषदा व ठराव आठवतात. 1970 साली नागपूर येथे सहा मंडळ्यांनी एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापिली. ते कार्य लहान नव्हे. तथापि कोणाच्या घागरीचे पाणी कोणास चालत असे, याच्या आठवणी जेथे अजून निघतात, त्या भोकरसारख्या गावी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हेच पुस्तक आम्हांस या विषयावर अधिक खरे वाटते.

पती 1895 साली ख्रिस्ती झाले. पुढे बाई त्यांच्याजवळ राहावयास आल्या, पण सोवळे कायम, अन्नपाणी निराळे. मग एके दिवशी, जाती देवाने केल्या की माणसाने, असे त्यांनी स्वतःसच विचारले आणि सोवळे सुटले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. एखाद्या उपदेशकाच्या हाती हाच प्रसंग किती रडका झाला असता! बाई स्वतःच्या सोवळ्याचीही थट्टा करू शकतात.

1917 साली रेव्हरंड टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यात स्थान होते. त्याचा उगम पुष्कळजण टिळकांच्या अभंगांत शोधतील. आम्ही तो त्यांच्या स्वयंपाकघरातही शोधू. दरबारास दोन वर्षे होण्यापूर्वीच, 1919 च्या मे महिन्यात, टिळक निवर्तले.