दूरस्थ पुनर्वसन आणि स्मृतिभ्रंश

प्राध्यापिका लिंडा क्लेअर व त्यांचे सहकारी यांनी ब्रिटनमध्ये रूढ केलेल्या बोधनिक पुनर्वसनाचा विशेष असा की, ते स्मरणशक्ती परत आणण्याचे आश्वासन देत नाही. रुग्णाला स्वतःला जे जमावेसे वाटते, उदाहरणार्थ शेगडी आठवणीने बंद करणे, तेवढेच उद्दिष्ट मानले जाते. इंग्लंड व वेल्समधील ४७५ रुग्णांची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत तीन महिन्यांत १० व पुढील सहा महिन्यांत ४ घरभेटी होत्या. उद्दिष्टांत प्रगती दिसली. जीवनमान, विषाद व बोधनशक्ती यांत फरक आढळला नाही. यास अपयश म्हणण्याचे कारण नाही. पद्धतीने तो दावा केलाच नव्हता.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने घरभेटी थांबल्या आणि हेच उपचार दूरध्वनी व चित्रसंपर्क यांवर आले. मराठीत पुनर्वसन म्हटले की धरणग्रस्तांचे उठलेले गाव आठवते. येथे रुग्ण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. दूर गेला तो उपचारक.

हा बदल वरकरणी दिसतो तितका किरकोळ नाही. घरी आलेल्या उपचारकास न विचारलेलेही दिसे: कपाटावर डकवलेली, कोणी न वाचणारी चिठ्ठी, पतीचे प्रत्येक वाक्य पुरे करणारी पत्नी. पडद्यावर तेवढेच दिसते जेवढे कॅमेरा धरणारा दाखवतो, आणि तो बहुधा काळजीवाहू आप्तच असतो. चूक होऊ न देता शिकवणे हे या पद्धतीचे एक प्रमुख तंत्र. त्यात सूचना चुकीच्या आधी मिळावी लागते. दुरून ती आप्ताच्याच हाताने द्यावी लागते. प्रगतीचे मूल्यांकन रुग्णाबरोबर आप्तही करतो. उपचाराचा हात आणि मापनाचा हात असे एकच झाले, तर गुणांकनाचे मोल घटते.

एकट्या राहणाऱ्यांचा प्रश्न याहून बिकट. मूळ चाचणीतही आप्ताची साथ ही सहभागाची अट होती. दूरस्थ रूपात ती उपचाराचीच अट बनते.

तथापि अंतराअंतराने आठवण विचारण्याच्या तंत्रास लहान, वारंवार संभाषणे घरभेटीहून सोयीची ठरावीत, हेही मान्य केले पाहिजे. म्हणून 'दूरस्थ की प्रत्यक्ष' अशी सरसकट तुलना निरुपयोगी आहे. ती उद्दिष्टागणिक व्हावी: शेजाऱ्याचे नाव निराळे, शेगडी निराळी.