अवतरणचिन्हांच्या आत आणि बाहेर : मराठी कथात्म गद्यातील बोलीचे स्थान

ग्रामीण व दलित वाङ्मयाची चर्चा मराठीत बहुधा विषयाच्या अंगाने झालेली आहे. खेडे कितपत खरे उतरले, दुष्काळ, शेती, जातव्यवहार ह्यांचे चित्रण प्रत्ययकारी आहे किंवा नाही, असे प्रश्न समीक्षकांनी विचारले. भाषेविषयी मात्र 'बोलीचा यथोचित वापर' एवढा शेरा मारून पुढे जाण्याची रीत पडली. हा शेरा फसवा आहे. कादंबरीत बोली आहे की नाही, ह्याहून ती पृष्ठावर कोठे आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. अवतरणचिन्हांच्या आत असते तोवर बोली पात्राची असते. ती चिन्हे ओलांडून बाहेर आली म्हणजे ती पुस्तकाची होते. एखादा समाजगट स्वतःविषयी स्वतः बोलतो आहे, की त्याच्याविषयी दुसरा कोणी सांगतो आहे, हे ह्या स्थानावरून ताडता येते.

ही चिन्हे मराठीस जन्मतः मिळालेली नाहीत. इंग्रजी मुद्रणाच्या संपर्काने एकोणिसाव्या शतकात विरामचिन्हे आपल्याकडे रूढ झाली, आणि त्यांच्या प्रसारात पाठ्यपुस्तके तपासणाऱ्या मेजर थॉमस कँडी ह्यांचा वाटा मोठा होता. त्याच सुमारास कोश आणि व्याकरणे तयार होत होती. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. ह्या उद्योगातून जी प्रमाण भाषा घडली तिला पुणे व आसपासच्या शास्त्रीपंडितांच्या भाषेचे अधिष्ठान होते, हे सर्वश्रुत आहे. बोलणाऱ्याचे शब्द सांगणाऱ्याच्या शब्दांपासून छापील खुणेने वेगळे करण्याची सोय आणि सांगणाऱ्याची भाषा कोणती असावी ह्याचा निर्णय, ह्या दोन गोष्टी अशा प्रकारे एकाच काळात व बव्हंशी एकाच वर्तुळात घडल्या. त्या वर्तुळाबाहेरच्यांना त्याचा अर्थ तेव्हाच उमगला होता. 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुले ह्यांच्या भाषेची टवाळी केली. आणि १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा ह्या सभांचा व त्यांतील पुस्तकांचा आपल्या लोकांशी मेळ बसत नाही, अशा आशयाचे उत्तर पाठवून फुल्यांनी ते नाकारले. ह्या दोन घटनांचा वाद व्याकरणाचा म्हणून वाचणे चुकीचे ठरेल. ग्रंथकार कोणाला म्हणावयाचे, हा तो वाद होता.

पुढे ही सीमारेषा नियमबद्धही झाली. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये मान्य झाले व १९७२ मध्ये चार नियमांची भर पडून अठरा झाले, त्यांत पात्राच्या तोंडच्या भाषेविषयी एक नियम आहे. ती भाषा औपचारिक भाषेहून वेगळी असेल तर तिचे लेखन उच्चाराप्रमाणे करावे, म्हणजे 'असं केलं' असे लिहावे; अन्य प्रसंगी मात्र 'असे केले' हेच रूप ठेवावे, असे तो सांगतो. नियम सोयीचा आहे आणि त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. पण त्याचा एक परिणाम लक्षात घ्यावयास हवा. 'असे केले' हे आज कोणाच्याच घरात बोलले जात नाही, पुण्यातही नाही. निवेदनाची भाषा ही अशा रीतीने कोणाचीच मातृभाषा नव्हे. तथापि तिच्यापासून सर्वांचे अंतर सारखे नसते. नागर सुशिक्षिताला एका अनुस्वाराचे अंतर काटावयाचे असते, तर वऱ्हाडातील शेतमजुराला प्रत्यय, क्रियारूपे आणि शब्दसंग्रह ह्या सर्वांचे.

ह्याहून सूक्ष्म असा एक पक्षपात लिपीच्या वापरात दडलेला आहे. कथेतील शेतकरी 'न्हाई' म्हणतो, 'पानी' मागतो, आणि लेखक ते कान देऊन टिपतो. त्याच कथेतील प्राध्यापक किंवा मामलेदार मात्र 'नाही' आणि 'पाहिजे' असेच बोलतो. प्रत्यक्षात सुशिक्षितांच्या भरभर बोलण्यात 'नाही'चे 'नै' होते आणि 'पाहिजे'चे 'पायजे' होते, हे कोणीही आपल्या कानांनी पडताळून पाहावे. एकाचा उच्चार लिहिला जातो, दुसऱ्याच्या उच्चारावर शुद्धलेखनाचे पांघरूण घातले जाते. त्यामुळे बोली ही काही लोकांनाच असते, इतरांना फक्त भाषा असते, असा समज वाचकाच्या मनात नकळत रुजतो. भाषाशास्त्रदृष्ट्या वऱ्हाडीतील 'मले' आणि प्रमाण भाषेतील 'मला' ह्यांत श्रेष्ठकनिष्ठ असे काही नाही. दोन्ही प्रत्यय एकच काम करतात. भेद निर्माण होतो तो कोणाचा प्रत्यय अवतरणात घालावयाचा ह्यातून.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) ही अडचण ज्या रीतीने हाताळली आहे ती मार्मिक आहे. निवेदक हा धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण शाळामास्तर. तो त्याच मुलखातला आहे, परंतु त्याचा व्यवसायच मुळी प्रमाण भाषा शिकविण्याचा आहे. त्यामुळे त्याच्या निवेदनाची भाषा आणि वस्तीच्या बोलण्याची भाषा ह्यांतील फरक हा लेखकाने बाहेरून लादलेला राहत नाही. तो कादंबरीच्या विषयाचाच एक भाग होतो. माणदेशी बोली अवतरणातच राहते, पण ती तेथे का राहते ह्याचे उत्तर कादंबरीत आहे.

उद्धव शेळके ह्यांच्या 'धग'मध्ये (१९६०) तसे उत्तर नाही. कौतिकचे व तिच्या माणसांचे बोलणे वऱ्हाडी आहे, आणि ते इतके जिवंत आहे की मराठी कादंबरीतील संवादलेखनाच्या इतिहासात त्याला निश्चितपणे वरचे स्थान द्यावे लागेल. निवेदन मात्र प्रमाण भाषेत चालते. कौतिक नवऱ्याशी भांडते तेव्हा ती तिच्या भाषेत भांडते. पण तिच्या मनातली उलघाल निवेदक सांगू लागला की तिचे मन तिच्या तोंडाला ठाऊक नसलेली भाषा बोलू लागते. वाचकाला हे खटकत नाही, कारण मराठी वाचकाला ह्या संकेताची सवय झालेली आहे. 'धग'ची थोरवी ह्या संकेतावर अवलंबून नाही, आणि तिच्या मर्यादेचे खापरही एकट्या शेळक्यांवर फोडता येत नाही. त्या काळी दुसरी वाट फारशी मळलेली नव्हती. परंतु एका दरिद्री स्त्रीचे दुःख इतक्या जवळून पाहणाऱ्या कादंबरीतही ते दुःख विचाररूप घेते ते परक्या वाणीत, ही गोष्ट नोंदविल्यावाचून पुढे जाता येत नाही.

अवतरणातल्या बोलीचे दुसरे एक भवितव्य अधिक ठसठशीत आहे, ते म्हणजे विनोद. मराठीतील ग्रामीण कथेला सभागृहांतील कथाकथनाने मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि माडगूळकर ह्यांच्या कार्यक्रमांची लोकप्रियता सुविदित आहे. शंकर पाटलांची कथा हसविण्यापुरती नाही, हे त्यांच्या वाचकाला सांगावयास नको. पण नागर श्रोता पुष्कळदा प्रसंगाच्या आधी उच्चाराला हसतो. त्याने तसे हसावे ही सोय निवेदन आणि संवाद ह्यांच्या भिन्न भाषांनी करून ठेवलेली असते.

सीमारेषा हलू लागली ती साठीनंतर. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'चा (१९६३) निवेदक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेला. त्याचे निवेदन हे बोलीतले नव्हे. पण ते ग्रंथभाषेची शिस्त जुमानीत नाही, आणि त्यामुळे सांगण्याची व बोलण्याची भाषा निराळीच असली पाहिजे हा समज तेथे ढासळतो. (घरात बोलल्याप्रमाणे लिहिण्याचा हा पराक्रम लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त आधीच करून दाखविला होता. कादंबरीकारांनी त्याची दखल उशिरा घेतली.) आनंद यादवांच्या 'गोतावळा'ने (१९७१) पुढचे पाऊल टाकले. नारबा ह्या शेतावरच्या गड्याच्या तोंडून, कोल्हापूरकडच्या बोलीत, संपूर्ण कादंबरी येते. 'गोतावळा' हा शब्द नातेवाइकांच्या परिवाराचा. माणसांच्या नात्यांना पारखा झालेला नारबा तो शब्द शेतावरच्या जनावरांना लावतो. ट्रॅक्टर येतो आणि हा परिवार विस्कटतो. प्रमाण भाषेतील निवेदकाने जनावरांना गोतावळा म्हटले असते तर ते रूपक झाले असते, आणि वाचकाने त्याचे कौतुक केले असते. नारबा म्हणतो तेव्हा ते साधे विधान असते. भाषा बदलली की वस्तूचे वर्गीकरण बदलते आणि वर्गीकरणाबरोबर जगही, ह्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण मराठीत मिळणे कठीण. अर्थात नारबाचे बोलणे पृष्ठावर येते ते शिकून नागर झालेल्या लेखकाच्या हातून. बोलीतील निवेदन हीसुद्धा एक घडण आहे. तिला निव्वळ निसर्ग समजणे भाबडेपणाचे होईल.

ही घडण लपविण्याऐवजी तिलाच विषय करणारे पुस्तक म्हणून दया पवारांच्या 'बलुतं'कडे (१९७८) पाहावे लागते. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, नावे दोन. एक महारवाड्यातले, दुसरे छापील जगातले. कोणाच्या भाषेत लिहावे हा प्रश्न येथे तंत्राचा उरत नाही, कारण एका नावातून दुसऱ्या नावात जाताना काय गमावले, हेच सांगावयाचे आहे. येसकराची पाळी, बलुते मागण्याची लाज ह्यांचे शब्द ह्या पुस्तकात टीपेचा आधार न घेता येतात. शीर्षकाकडेही लक्ष द्यावे. 'बलुते' हे औपचारिक रूप बाजूस सारून मुखपृष्ठावर 'बलुतं' हे बोलण्यातले रूप आले आहे. पात्राच्या तोंडापुरती मुभा असलेला तो अनुस्वार येथे ग्रंथाच्या नावावर आहे.

त्याआधी नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) कवितेत हीच सीमा अधिक आक्रमकपणे ओलांडली होती. त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, ही गोष्ट बोलकी आहे. अवतरणाच्या भिंती पाडून आलेल्या भाषेलाही दाराशी ओळख करून देणारा कोणी लागला. कविता त्या ओळखीवर विसंबली नाही, हे मात्र लगेच म्हटले पाहिजे.

येथवरच्या सर्व उदाहरणांत प्रमाण आणि बोली ह्या दोन्ही बाजू मराठीच्याच आहेत. लक्ष्मण माने ह्यांच्या 'उपरा'ने (१९८०) तो दिलासाही काढून घेतला. कैकाडी ही मराठीची बोली नव्हे. ती द्राविड कुळातील, तमिळशी नाते सांगणारी भाषा आहे. गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या ह्या कुटुंबाला मराठी मिळते ती गावाकडून आणि शाळेकडून. ज्या ग्रामीण बोलीला निवेदनात जागा मिळावी म्हणून इतरांनी धडपड केली, ती बोली येथे वतनदारांची, पाटलाची, हुकूम सोडणाऱ्यांची भाषा म्हणून ऐकू येते. आत्मकथन मराठीत आहे, घरचे बोलणे कैकाडीत. म्हणजे अवतरणचिन्हे पुन्हा उभी राहिली आहेत, फक्त आता त्यांच्या बाहेर कोण आहे ते बदलले. १९८१ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार ह्या पुस्तकाला मिळाला तो मराठी भाषेसाठी. मराठी वाचकाने तो आपल्या भाषेचा गौरव मानला. तो मानताना कैकाडी शब्दांशी तो किती थांबला, ह्याचा हिशेब मराठी समीक्षेने अद्याप मांडलेला नाही.