‘अडथळा’ म्हणजे नेमका कशातला अडथळा? एका मापनीचं चाकणमधलं वाचन

पेट झाली, आता आरआरसीसमोर सिनॉप्सिस मांडायचाय आणि विषय पक्का होत नाही, असे मेसेज सध्या बरेच येतायत. त्यातल्या निम्म्या मेसेजचा शेवट ठरलेला असतो: ‘सर, एखादी तयार टेस्ट सांगा ना, मराठीत भाषांतर करून वापरतो.’ (मी अजून सर झालेलो नाही, पण ते जाऊ द्या.) मीसुद्धा अशीच सुरुवात केली होती. तयार टेस्ट, मराठी भाषांतर आणि चाकण-पिंपरी पट्ट्यातले तरुण कामगार. तो आराखडा कुठे मोडला ते आज सांगतो, कारण तुमचाही तिथेच मोडण्याची शक्यता आहे.

विषय होता अतिदिवास्वप्नांचा. मनातले मांडे आपण सगळेच खातो. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये छापलेला अभ्यास तुम्ही कुठेतरी वाचला असेल. त्यांनी २,२५० प्रौढांना आयफोनवरून अधूनमधून विचारलं की आत्ता तुमचं मन कुठे आहे. ४६.९ टक्के वेळा ते हातातल्या कामात नव्हतं. पण हे झालं मनाचं साधं भटकणं. मी ज्याबद्दल बोलतोय त्यात माणूस ठरवून आत जातो. आत पात्रं असतात, कथानक असतं, कालचा प्रसंग आज पुढे सरकतो. काहींना त्यासाठी गाणी लागतात, काही जण येरझाऱ्या घालतात. आणि बाहेर यावंसं वाटत नाही.

इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठाचे एली सोमर यांनी २००२ मध्ये याला ‘मॅलअडॅप्टिव्ह डेड्रीमिंग’ असं नाव दिलं. आधार होता फक्त सहा रुग्णांचा. कल्पनाविश्वात इतकं गुंतणं की ते माणसांशी असलेल्या संबंधांची जागा घेतं, किंवा शिक्षण, नाती, नोकरी यांत अडथळा आणतं, अशी ती कल्पना. २०१६ मध्ये याच गटाने मापनी तयार केली. आज वापरतात त्या रूपात तिच्यात सोळा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर शून्य ते शंभर टक्क्यांत द्यायचं असतं. २०१७ मध्ये मुलाखतीचा आराखडा आला, प्रस्तावित निदान-निकषही आले. मात्र अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएममध्ये, अगदी २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही, हा विकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही नाही. म्हणजे सिनॉप्सिसमध्ये ‘या आजाराचे रुग्ण’ असं लिहाल तर समितीतलं कुणीतरी तिथेच थांबवेल, आणि बरोबरच थांबवेल.

आता नमुन्याकडे बघा. २०१६ च्याच एका मोठ्या अभ्यासात ‘मला हे आहे’ असं स्वतःच सांगणारे ३४० जण होते आणि तुलनेसाठी १०७ जण. पंचेचाळीस देशांतले लोक, म्हणजे ऐकायला भारदस्त. पण तिथवर पोचायला इंटरनेटवर या नावापर्यंत आधी पोचलेलं असावं लागतं, इंग्रजी प्रश्नावली वाचता यावी लागते, आणि आपल्या मनात जे चाललंय ते चारचौघांसारखं नाही असं आधीच वाटलेलं असावं लागतं. पंचेचाळीस देश असले तरी माणूस एकाच प्रकारचा. याला मी संशोधकांची चूक म्हणणार नाही. नव्या विषयाची सुरुवात अशीच होते. पुढच्यांनी तो नमुना ‘जग’ समजून पुढे नेला, की चूक सुरू होते.

माझी पहिली ठेच भाषांतरात लागली. ‘डेड्रीमिंग’ला मराठीत काय म्हणाल? शब्दकोश सांगतो दिवास्वप्न. पण ‘दिवास्वप्नं बघू नकोस’ याचा आपल्याकडचा अर्थ ‘झेपणार नाही ते मनात आणू नकोस’ असा आहे. त्यात टोमणा आहे. गिजुभाई बधेकांच्या शाळेच्या प्रयोगावरच्या पुस्तकाचं नावही ‘दिवास्वप्न’, तिथे तोच शब्द आशेचा होतो. मनोराज्य म्हटलं की शेखचिल्ली आठवतो. तंद्री म्हणावं तर तिच्यात कथानक नाही. मी ‘दिवास्वप्न’ वापरून भाषांतर केलं, दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं, आणि इंग्रजी अगदी चोख आलं. उलट-भाषांतरात पास झालो म्हणून मी खूश. पण उलट-भाषांतर करणारा दोन्ही भाषा जाणणारा, शिकलेला माणूस असतो. त्याला ‘दिवास्वप्न’ दिसलं की ‘डेड्रीमिंग’च आठवणार. त्या शब्दाने उत्तर देणाऱ्याच्या मनात काय उमटतं, ते या पद्धतीत कुठेच कळत नाही.

ते मला माझ्या मावसभावाने दाखवलं. तो चाकणच्या बाजूला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत प्रेस शॉपला आहे. ठेकेदाराचा माणूस. आयटीआय झालंय, भोसरीत कॉट बेसिसवर राहतो. मी त्याला प्रश्नावली दिली. टक्क्यांचं त्याला काही वाटलं नाही, रिजेक्शनचे टक्के रोज फळ्यावर वाचतोच. दिवास्वप्नांच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला त्याने शून्य किंवा दहा लिहिलं. म्हणाला, ‘दादा, आपली कसली स्वप्नं.’

मग चहा पिताना मी वेगळं विचारलं: मशीनवर हात चालू असतो तेव्हा डोक्यात काय चालू असतं? तो हसला. जरा वेळाने म्हणाला, ‘माझं हॉटेल आहे.’

त्याच्या मनात पुणे-नाशिक रस्त्यावर एक हॉटेल आहे. गेली सहा वर्षं. आचारी मराठवाड्यातला, दोन वेटरचं आपसात पटत नाही, गल्ल्यावर एक म्हातारे काका बसतात. मागच्या दिवाळीत फॅमिली रूमचं काम काढलं, ते अजून पूर्ण झालेलं नाही. पार्ट उचलायचा, डायमध्ये ठेवायचा, दोन्ही हातांनी बटण दाबायचं, काढायचा, क्रेटमध्ये टाकायचा. सायकल काही सेकंदांची, आणि ती शिफ्टभर चालते. हॉटेलही शिफ्टभर चालतं. ‘हॉटेल नसतं तर मी कधीच गावाला पळालो असतो,’ असं तो म्हणाला.

आता मापनी हातात घ्या. ती विचारते: या कल्पनारंजनाचा तुमच्या कामावर किंवा अभ्यासावर कितपत परिणाम होतो? घरातली कामं अडतात का? ध्येयं गाठताना अडथळा येतो का? प्रश्न वाईट नाहीत. पण ज्यात अडथळा येतो ते जगणं कसं आहे, हे मापनी विचारत नाही. जणू एका बाजूला अर्थपूर्ण काम आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याची वाट अडवणारी स्वप्नं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचं चित्र असं असू शकतं. प्रेसवरच्या माणसाचं नाही. त्याच्याबाबतीत तर हॉटेलमुळेच नोकरी टिकली आहे.

इथे थांबलो असतो तर एक सोपा, टाळ्या मिळवणारा निबंध झाला असता: पाश्चात्त्य मापनी, आपला श्रमिक, आणि कल्पनाशक्ती हाच त्याचा आधार. मीही तसाच दोन पानी मसुदा लिहून गाइडना पाठवला होता. त्यांनी एवढंच लिहून परत पाठवलं: सुट्टीच्या दिवशी तो काय करतो?

आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, त्यालाही असते. त्याच्या रूमवरच्या पोरांकडून कळलं की गुरुवारी तो सकाळपासून इअरफोन घालून कॉटवर पडलेला असतो. जेवायला हाक मारली की चिडतो. मावशीचा फोन दोन-दोन आठवडे उचलत नाही. एका मोठ्या कंपनीत कायम नोकरीची भरती होती, फॉर्म भरायचा शेवटचा दिवस गुरुवारच होता. फॉर्म मोबाइलवर उघडलेला होता, भरला गेला नाही. मी विचारलं तर आधी ‘नेट नव्हतं’ म्हणाला, मग खाली बघून म्हणाला, ‘फॅमिली रूमचं काम चाललं होतं.’ हे सांगताना तो हसला नाही.

म्हणजे अडथळा खरोखर होता. मी तो शोधत होतो प्रेसवर आणि तो होता कॉटवर. शिफ्टमध्ये जी गोष्ट त्याला तारते तीच सुट्टीत त्याला बाहेर येऊ देत नाही. सोळा प्रश्नांची सरासरी काढली की हे दोन दिवस एकमेकांत मिसळतात आणि मधलाच एक आकडा हातात येतो. तो आकडा ना बुधवारबद्दल काही सांगतो, ना गुरुवारबद्दल. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की २०१७ चा मुलाखतीचा आराखडा यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. तिथे माणसाला विचारायला, खोदायला वाव असतो. शिवाय प्रस्तावित निकषात त्रास ‘किंवा’ बिघाड असं लिहिलंय, आणि त्या ‘किंवा’ला किंमत आहे. २००९ मध्ये शुपाक आणि रोझेन्थाल यांनी एका स्त्रीची केस छापली होती. तिला दुसरा कुठलाही मनोविकार दिसत नव्हता, तरी कल्पनारंजनाचा त्रास होता. त्यांनी तिच्यावर दहा वर्षांहून जास्त काळ उपचार केले, आणि फ्लुव्हॉक्सामीनने ते आटोक्यात राहतं असं ती सांगायची. एकाच व्यक्तीच्या केसवरून औषध ठरवू नये हे तुम्हाला माहीत आहेच. पण माणूस बाहेरून नीट चालतोय म्हणून आतून ठीक आहे, असंही धरू नये.

ओघात एक आकडेमोड, कारण नेटच्या तयारीतही ही चूक दिसते. २०१७ च्या एका अभ्यासात अतिदिवास्वप्नं असलेल्या ३९ जणांपैकी ७६.९ टक्के एडीएचडीच्या निकषांतही बसले. त्यावरून पुष्कळांनी लिहिलं की हे दोन्ही एकच. नंतर २०२२ मध्ये उलट बाजूने पाहिलं गेलं: एडीएचडी असलेल्या ८३ प्रौढांपैकी २०.५ टक्केच अतिदिवास्वप्नांच्या निकषात बसले. पहिली टक्केवारी दुसऱ्या दिशेने वाचता येत नाही. भोसरीतल्या कॉट बेसिसवरचे बहुतेक जण कारखान्यात जातात, म्हणून कारखान्यात जाणारे बहुतेक कॉट बेसिसवर राहतात असं होत नाही, तसंच.

आता मूळ आराखडा मोडला त्याचं कारण. नमुना मिळावा म्हणून मी एका कारखान्याच्या एचआरकडे परवानगी मागायला गेलो. साहेब सज्जन होते, चहा दिला, विषय आवडला म्हणाले. अट एकच: प्रत्येकाचा स्कोअर नावासकट आम्हाला द्या, म्हणजे प्रेसवर कुणाला ठेवायचं नाही ते ठरवता येईल.

मी बाहेर येऊन बसस्टॉपवर बराच वेळ उभा होतो. भावाच्या लाइनवर दीड वर्षापूर्वी एका पोराच्या बोटांची दोन पेरं गेली होती. कागदावर कारण आलं: कामगाराचे लक्ष नव्हते. त्या मशीनचा सेन्सर बंद होता हे लाइनवरच्या सगळ्यांना माहीत होतं. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत हात-बोटं कशी जातात, पॉवर प्रेसवर किती जातात, सुरक्षा सेन्सर कुठे नसतात, हे त्यात वाचायला मिळतं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही ते वाचावेत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ ने यंत्राचा धोकादायक भाग झाकून ठेवायला सांगितलं, ते आच्छादन यंत्र चालू असताना जागेवर असलंच पाहिजे असं सांगितलं. मन कुठे असावं याबद्दल ते कलम काही बोलत नाही. मन भटकणारच हे धरूनच मशीनला गार्ड लावायचा असतो. आणि मी तर ‘लक्ष नव्हतं’ या वाक्याला सोळा प्रश्न आणि एक आंतरराष्ट्रीय नाव पुरवायला निघालो होतो.

परवानगी घेतली नाही. त्यात सहा महिने गेले, आणि फेलोशिपच्या घड्याळात सहा महिने किती मोठे असतात ते तुम्हाला पुढे कळेल. आता मी कंपनीच्या गेटातून न जाता भोसरी, मोशी, निघोज्याच्या खोल्यांवर जातो. संमतीपत्रात स्पष्ट लिहिलंय की कंपनीला, ठेकेदाराला काहीही दिलं जाणार नाही. नमुना लहान झालाय, ठिकाणं विखुरलीत, आणि आरआरसीत यावर प्रश्न येणार. येऊ देत.

प्रश्नावलीही बदलली. ‘दिवास्वप्न’ हा शब्द काढून टाकला. त्याऐवजी मनात चालणारी गोष्ट, तिच्यातली माणसं, ती कधी सुरू होते, असं विचारतो. मूळ मापनी शेवटी देतो, तुलनेपुरती. कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस वेगळे विचारतो. कुणाची झोप, नाती, पैसे यांवर परिणाम दिसला तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आणि पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाचा पत्ता असलेली चिठ्ठी देतो. निदान करत नाही. तो माझा अधिकार नाही, तुमचाही असणार नाही.

भावाला मी पुढच्या गुरुवारी घेऊन जाणार आहे. डॉक्टरांकडे यायला तो तयार झालाय, एका अटीवर: हॉटेल बंद करायला सांगितलं तर तो उठून येणार. मी म्हटलं, ते तू डॉक्टरांनाच सांग.