इर्फानव्ह्यू : चित्र लहान करताना काय हरवते?

शिष्यवृत्तीचा अर्ज असो की विज्ञान प्रदर्शनाचा अहवाल, ‘चित्राची फाइल अमुक केबीपेक्षा मोठी नको’ ही अट शिक्षकांच्या पाचवीलाच पुजलेली आहे. अशा वेळी उपयोगी पडणारी एक जुनी आज्ञावली म्हणजे इर्फानव्ह्यू. बोस्नियातून व्हिएन्नात शिकायला गेलेल्या इर्फान श्किल्यान यांनी ती १९९६ साली प्रथम प्रसिद्ध केली. घरगुती आणि शैक्षणिक वापरासाठी ती विनामूल्य आहे. धंद्यासाठी मात्र पैसे भरावे लागतात.

आज्ञावली आटोपशीर आहे, जुन्या संगणकावरही झटपट उघडते. ‘बी’ ही कळ दाबली की फाइलींच्या सामुदायिक परिवर्तनाची खिडकी येते आणि सहलीची शंभर छायाचित्रे एका दमात लहान होतात. कामाला ती चोख आहे, यात वाद नाही. माझी तक्रार तिच्या अबोलपणाविषयी आहे.

४००० बाय ३००० बिंदूंचे छायाचित्र घ्या. त्यात १ कोटी २० लाख बिंदू असतात. रुंदी १००० केली की उरतात साडेसात लाख, म्हणजे दर सोळा बिंदूंच्या जागी एक. त्याच खिडकीत ‘दुप्पट’ करण्याचे बटणही आहे. ते वापरून चित्र पुन्हा ४००० रुंदीचे केले, तर सोळांपैकी पंधरा बिंदू शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. विद्यार्थ्याला मात्र मूळ चित्र परत मिळाल्यासारखे वाटते. डीपीआयचा आकडा वाढवल्याने चित्र स्पष्ट होते, हा असाच एक गैरसमज. तो आकडा छपाईपुरता असतो. त्याने एकही बिंदू वाढत नाही.

जेपेगची गोष्ट याहून नाजूक. १९९२ च्या या प्रमाण पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडतात. त्यांतील सावकाश बदलणाऱ्या छटा जपल्या जातात आणि बारीक चढउतार टाकून दिले जातात. चेहरा, आकाश, झाडे यांना हे चालते. अक्षर किंवा विद्युतमंडलाची आकृती म्हणजे मात्र सगळा कडांचाच खेळ! तिथे रेषेभोवती मुंग्या जमल्यासारखे ठिपके उमटतात. आकृतीसाठी पीएनजी हाच प्रकार योग्य. पण आधी जेपेग करून मग पीएनजी करण्यात अर्थ नाही. रंग गेलेल्या साडीला इस्त्री केली म्हणून रंग परत येत नाही.

एका विद्यार्थ्याच्या दाखल्यावर मी दर्जाची पट्टी बेधडक खाली ओढली. जन्मतारखेतला आकडा १ की ९ ते कळेना, आणि अर्ज परत आला. चूक माझीच होती. आधी कोऱ्या कडा कापायच्या, रंग काढून करडे करायचे, मग बिंदू कमी करायचे आणि दर्जाला शेवटी हात लावायचा, हा क्रम मला त्यानंतर सुचला.

सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत धोका वेगळा. लांबी-रुंदीचे प्रमाण राखण्याच्या चौकटीतली खूण निघाली आणि दोन्ही आकडे मनाने भरले, तर कांद्याच्या सालीतील पेशी ताणल्या जातात. प्रमाण राखले तरी एका मिलिमीटरमध्ये मावणाऱ्या बिंदूंची संख्या बदलतेच. म्हणून मोजपट्टीची रेघ आकार बदलण्यापूर्वी चित्रातच काढून ठेवावी; ती चित्राबरोबर लहान होते.

सर्वांत गंभीर आक्षेप सामुदायिक परिवर्तनावर. तिथे ‘असलेल्या फाइलीवर लिहा’ आणि ‘मूळ फाइल काढून टाका’ अशा अर्थाच्या दोन चौकटी आहेत. इतक्या परिणामकारक गोष्टी साध्या खुणेवर सोडणे मला पटत नाही. अर्थात मुक्त आज्ञावली असलेल्या इमेजमॅजिकमधील ‘मॉग्रिफाय’ हा आदेशही, वेगळे ठिकाण सांगितले नाही तर, सहसा मूळ फाइलवरच लिहितो. पण तिचा स्रोत सर्वांना खुला आहे. सोळा बिंदूंचा एक कसा होतो, ते अकरावी-बारावीचा उत्साही विद्यार्थी तिथे वाचू शकतो. इर्फानव्ह्यू फुकट असली तरी तिचा स्रोत बंद आहे.

रोजच्या कामासाठी मी तीच वापरतो. मात्र मूळ फाइलींची प्रत आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवून.