सांधेदाहाचे आकडे वाचताना

नागपुरात सदरमधल्या एखाद्या सकाळच्या शाळेत मूल पहिल्या तासाला लंगडते आणि मधल्या सुट्टीत पळते, तेव्हा आपण त्याला नाटकी म्हणतो. पण सकाळी सांधे आखडणे हे मुलांच्या दीर्घकालीन सांधेदाहाचे लक्षण आहे.

अशा मुलाला आधी मेथोट्रेक्सेट देऊन गरज पडल्यास जैविक औषध जोडावे, की दोन्ही सुरुवातीपासून द्यावीत? उत्तर अमेरिकेतील ४०० मुलांवरील ‘स्टॉप-जेआयए’ हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर स्टिरॉइडविना आजार पूर्ण शांत झालेली मुले पहिल्या रीतीत ३२ टक्के, तर दुसरीत ३७ टक्के होती. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. मात्र ‘किरकोळ आजार उरला तरी चालेल’ असे मानले, की हेच आकडे ४३ आणि ५९ होतात! म्हणून आकड्याआधी निकष पाहावा, असे आम्ही म्हणतो. शिवाय गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. उपचार डॉक्टर व पालकांनी निवडले होते. गट मुळात सारखेच होते, असे कसे मानावे?

तरीही दोन्ही रीतींत औषध निदान होताच सुरू होते. निदानापूर्वी वाया जाणारे महिने मात्र वर्गात वाचू शकतात. लंगडणाऱ्या मुलाला शिक्षा करू नये. त्याच्या पालकांना बोलावून घ्यावे.