ड्रॅगन आणि उघडा तळहात

ख्रिस्ती कुटुंबातील मुलाला ड्रॅगन प्रथम भेटतो तो संत जॉर्जच्या चित्रात, घोड्याच्या टापांखाली, भाल्याने विद्ध झालेला. प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात महादूत मायकल त्याच्याशीच लढतो. मराठी बायबलने त्याला ‘अजगर’ म्हटले आहे. सैतानाचे हे प्रतीक एखाद्या बालचित्रपटात मुलाचा जिवलग झालेले पाहून पालकांनी थबकावे, हे स्वाभाविक आहे. क्रेसिडा कॉवेल यांच्या पुस्तकावरून ख्रिस सँडर्स व डीन डब्लॉइस यांनी २०१० साली काढलेल्या ‘हाउ टु ट्रेन युवर ड्रॅगन’ या अॅनिमेशनपटाचे आकर्षण कशात आहे, हे म्हणूनच तपासून पाहिले पाहिजे.

केवळ अद्भुतात ते नाही. अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची मानली जाते. डोंगरात मासा पाहणाऱ्या गावातील मुलांना पंखवाल्या प्राण्याचे अप्रूप कितीसे वाटणार? आग, उड्डाण आणि युद्ध तर इतर चित्रपटांतही मुबलक असते.

या चित्रपटाचे मर्म हिकपच्या हातात आहे. बर्क बेटाच्या या सरदारपुत्राने एका ड्रॅगनला जायबंदी केले आहे. ठार करण्यासाठी तो सुरी उगारतो आणि थांबतो, कारण समोरच्या डोळ्यांत त्याला स्वतःचेच भय दिसते. पुढच्या एका निःशब्द प्रसंगात ड्रॅगन त्याला आपल्यातला अर्धा मासा देतो. अखेर हिकप मान फिरवतो व उघडा तळहात पुढे करतो. उरलेले अंतर ड्रॅगनने आपणहून कापावयाचे असते. विश्वास बळाने मिळत नाही, हे जॉन पॉवेल यांच्या संगीतावर उभा असलेला हा प्रसंग प्रवचनाविना सांगतो.

ही कथा संत जॉर्जपेक्षा असिसीकर संत फ्रान्सिसच्या जवळची आहे. गुब्बियोच्या लांडग्याला त्याने ‘बंधू’ म्हटले आणि त्याच्या क्रौर्यामागची भूक ओळखली, असे परंपरा सांगते. येथेही ड्रॅगन गावावर धाड घालतात ते एका महाकाय ड्रॅगनच्या धाकाने. त्याचे पोट भरले नाही, तर तो त्यांनाच गिळतो.

नेमका येथेच चित्रपट उणा पडतो. त्या महाकायाच्या डोळ्यांत डोकावण्याची संधी कोणालाच मिळत नाही. त्याचा वध होतो आणि गाव सुखी होते. म्हणजे वैर संपत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या माथी जाते. मात्र दिग्दर्शकांनी विजय फुकटचा ठेवलेला नाही. हिकप एक पाय गमावतो. ज्याची शेपटी त्याने निकामी केली, त्याच्यासारखाच तोही अपंग होतो, आणि दोघेही एकमेकांच्या आधाराने उडतात.

दुष्टता आणि परकेपणा या दोन गोष्टी एक नव्हेत. मायकलचे युद्ध पहिलीशी आहे, दुसरीशी नाही. अंबडसारख्या गावी, जेथे शेजारी बहुधा वेगळ्या देवळात जातो, हा भेद मुलाला लहानपणीच कळावयास हवा. चित्रपट तो अर्धाच शिकवतो. उरलेला अर्धा घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिकवावयाचा आहे.